खोक्यांची खोली

आमचा पहिला फ्रिज भंगारात जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण त्याचं खोकं परवापरवापर्यंत आमच्या घरात होतं. दुसरा फ्रिजही गेला, त्याचंही खोकं राहिलं. तिसरा स्वयंपाकघरात उभा आहे आणि त्याचं खोकं आधीच्या दोघांना पोटात घेऊन धाकट्या खोलीत उभं होतं. एकात एक घातली की जागा वाचते, हा आमच्या ह्यांचा शोध. जागा कुणासाठी वाचते ते विचारायचं नाही, कारण वाचलेल्या जागेत वॉशिंग मशीनचं खोकं ठेवलेलं असायचं.

टीव्ही, मिक्सर, ग्राइंडर, इस्त्री, पाण्याचा फिल्टर, गीझर, एवढंच काय, भिंतीवरच्या घड्याळाचंसुद्धा खोकं. प्रत्येकात त्याचा त्याचा थर्मोकोल, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीला चिकटपट्टी, आणि खोक्यावर ह्यांच्या सुबक अक्षरात 'वरची बाजू' असं लिहून बाण. चेन्नईत अंबत्तूरच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये हॉल, स्वयंपाकघर आणि दोन खोल्या आहेत. त्यातली एक आम्हा दोन माणसांची आणि दुसरी तेव्हा खोक्यांची.

बदलीच्या नोकरीत ज्यांचा जन्म गेला त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. हे संरक्षण खात्याच्या कारखान्यात होते. पुण्याहून बदली होऊन आम्ही इकडे आलो तेव्हा सामान ट्रकने आलं आणि टीव्हीची काच वाटेत कुठेतरी फुटली. टीव्हीचं मूळचं खोकं मी आदल्याच वर्षी रद्दीवाल्याच्या गळ्यात मारलं होतं. झालं. त्या दिवसापासून ह्यांनी पण केला की घरात येईल ती वस्तू खोक्यासकट येईल, खोक्यासकट राहील आणि जाताना खोक्यातूनच जाईल. क्वार्टर्समध्ये सगळ्यांचंच थोडंफार असं असायचं, ते मी नाकारत नाही. आमच्या समोरच्या बिऱ्हाडात तर पलंगाखाली लाकडी पेटारे होते, वर पांढऱ्या रंगात नाव रंगवलेले. पण त्यांच्या बदल्या होत. ते पेटारे घेऊन आले आणि पेटारे घेऊन गेले. आमची एक ऑर्डर यायची होती ती आली नाही, दुसरी आली ती रद्द झाली, मग मुलीची दहावी, मग बारावी, मग तिचं कॉलेज, आणि मग हे रिटायरच झाले. खोकी तेवढी वाढत गेली.

रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडलं तेव्हा मला वाटलं, सुटले. कसलं काय. "खरं शिफ्टिंग तर आता व्हायचंय," हे म्हणाले. कराडला, म्हणजे माझ्या गावाला, आमचा एक प्लॉट आहे. तिथे घर बांधायचं आणि जायचं, तोवर हा फ्लॅट तात्पुरता. तात्पुरता म्हणून त्यात कपाट करून घ्यायचं नाही, तात्पुरता म्हणून स्वयंपाकघरात फळ्या ठोकायच्या नाहीत. माझे डाळ-तांदळाचे डबे अजून जमिनीवर भिंतीला पाठ लावून बसलेले असतात, आणि मी रोज त्यांच्यापुढे वाकते.

आवरायचा विषय काढला की ह्यांचं उत्तर तयार असतं. दिवाळीआधी मी पदर खोचला की म्हणणार, "इथे दिवाळीला कोण आवरतं? इथे भोगीला काढतात जुनं सामान. कॉर्पोरेशनची गाडीसुद्धा तेव्हाच फिरते." बरं, म्हणून थांबावं. पोंगलच्या आदल्या दिवशी भोगी येते, सगळी गल्ली फाटक्या चटया आणि मोडक्या खुर्च्या बाहेर आणून टाकते, आणि हे आपले हॉलमध्ये पेपर उघडून बसलेले. विचारलं तर म्हणणार, "आपल्यात दिवाळीला आवरतात. हे भोगीबिगी त्यांचं." दोन्हीकडची पंचांगं ह्यांना तोंडपाठ, आणि दोन्हींत आवरायला मुहूर्त नाही. माझी उमेदीची वर्षं दिवाळी ते भोगी आणि भोगी ते दिवाळी अशा खेपा घालण्यात गेली.

गेल्या वर्षी मात्र मी तिसराच मुहूर्त धरला, नाताळचा.

कारण होतं मुलगी. आमची एकुलती एक. इथेच वाढली, इथेच शिकली, आणि नशिबाची गंमत बघा, लग्न होऊन गेली ती पुण्याला. नवरा-बायको दोघंही आयटीत. तिला पाचवा महिना लागला होता आणि नाताळ ते नवं वर्ष ऑफिसं बंद, म्हणून दोघं इकडे येणार होती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. मी तर तिचं लग्न ठरलं त्या दिवसापासून ते धरूनच चालले होते. म्हणून फोनवर सहज म्हटलं, "पुढे विमानात घेत नाहीत म्हणे, बाळंतपणाला कधी येतेस ते आत्ताच ठरवून टाक."  तर म्हणाली, "बघू आई. सासूबाई म्हणतायत इथेच राहा. मी आधी येऊन बघते, मग सांगते."

बघू. हा शब्द तिच्या तोंडून मी ती बोबडी बोलत होती तेव्हापासून ओळखते. भेंडीची भाजी खाशील का, बघू. म्हणजे नाही.

आणि येऊन काय बघणार, ते मला न सांगता कळलं. खोली. मागच्या वेळी आली होती तेव्हा दोघं हॉलमध्ये गादी टाकून झोपली होती. मार्गळी महिना, म्हणजे आपला धनुर्मास, पहाटे अंधारात समोरच्या देवळाचा भोंगा सुरू झाला आणि जावई दचकून उठून बसले ते बसलेच. नाश्त्याला आले तेव्हा एक हात कमरेवर. बोलले काही नाहीत, चांगल्या घरचे आहेत, पण मला दिसत होतं ना. तिकडे विहीणबाईंचं पुण्यातलं घर ऐसपैस, बाळासाठी वेगळी खोली रंगवून तयार. आणि मी ओल्या बाळंतिणीला कुठे निजवणार होते, फ्रिजच्या खोक्यात?

खरं सांगायचं तर मी घाबरले होते. एकच मुलगी, तिचं पहिलं बाळंतपण. बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ मी घालायचं नाही तर कुणी? पुण्याला जाऊन विहीणबाईंच्या स्वयंपाकघरात, हे घेऊ का, ते वापरू का, असं विचारत डिंकाचे लाडू वळायचे? मला ते जमणार नव्हतं. मला ती माझ्या घरात, माझ्या हाताखाली हवी होती.

"अहो," मी म्हटलं, "नाताळच्या आत ती खोली रिकामी झाली पाहिजे."

"होईल की."

"होईल नाही. करायची."

"भोगीला आपण..."

"भोगीचं नाव काढलंत तर याद राखा."

मग एका रविवारी हे लुंगी वर खोचून कामाला लागले. मला वाटलं, चला, माणूस ऐकतो आहे. सगळी खोकी बाहेर काढून हॉलमध्ये रांगेने मांडली. जुन्या बनियनने एकेक पुसलं. ज्यांची चिकटपट्टी सुटली होती त्यांना नवी लावली. बाण पुसट झाले होते ते पुन्हा काढले. आणि संध्याकाळपर्यंत ती सगळीच्या सगळी खोकी परत आत नेऊन रचली. मग मला हाक मारली, "बघ. आवरलं." पाहते तर खोलीत भिंतीला लागून एक बोळ निघाला होता, माणूस आडवा होऊन सरकत जाईल एवढा.

"ह्यात ती उभ्याने झोपणार का?" मी विचारलं.

"आधी होती का एवढी जागा?" हे म्हणाले, आणि चहा मागितला.

मी वाद घालून पाहिला. मिक्सर मरून गेला, त्याचं खोकं कशाला? तर ते मापाचं आहे, कुठलाही मिक्सर बसतो त्यात. टेबलफॅनचं? तर त्यातला थर्मोकोल बघ कसा घट्ट आहे, असा थर्मोकोल हल्ली येत नाही. बरं, निदान खोकी चपटी करून ठेवू? तर एकदा घडी घातली की खोक्यात दम राहत नाही. ह्या माणसाशी बोलणं म्हणजे डोकं भिंतीवर आपटून घेणं, आणि भिंत निदान उलटून बोलत तरी नाही.

मग डिसेंबरचा पाऊस लागला. इथे समुद्रात कुठे काही खुट्ट झालं की आमच्याकडे चार दिवस आभाळ गळतं. धाकट्या खोलीच्या खिडकीतून पाणी आत आलं आणि खालच्या रांगेतली खोकी बुडाशी मऊ पडली. मी मनातून देवाला हात जोडले. पण हे कसले हटतात. ओली खोकी हॉलमध्ये आणून पंख्याखाली वाळत घातली, आणि आमचे धुतलेले कपडे बाथरूममध्ये बादलीत कुबट वास मारत पडले. वॉशिंग मशीनच्या खोक्यातून झुरळं निघाली ती मला चुकवून देवघराकडे पळाली. त्या दिवशी माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं.

रिटायर झाल्यापासून हे मधूनमधून गिंडीला एका जुन्या सहकाऱ्याच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसतात. काम काय करतात ते मी विचारत नाही. ते घराबाहेर असतात एवढं पुरतं. पाऊस उघडल्यावर हे तिकडे गेले आणि मी बाल्कनीत जाऊन उभी राहिले. 'पळैय पेप्पर' असं ओरडत जाणाऱ्या रद्दीवाल्याला वर बोलावलं. त्याने खोली पाहिली आणि आधी मला पाहिलं, मग पुन्हा खोली पाहिली. मग कामाला लागला. ज्या खोक्यांची घडी घालायला मला इतकी वर्षं बंदी होती, ती त्याने पायाने दाबून दाबून पापडासारखी चपटी केली. मला इतका आनंद झाला की मी त्याला कॉफी करून दिली.

पण थर्मोकोल? "वेंडाम मा," तो हात हलवत म्हणाला. नको म्हणे. कुणीच घेत नाही. खाली कचऱ्याच्या गाडीवरच्या बायकांना विचारलं, त्यांनीही तोंड फिरवलं. रद्दीवाला पुठ्ठे बांधून चालता झाला आणि मी जिन्यात पांढऱ्या तुकड्यांच्या ढिगात उभी. वारा सुटला होता. ते बारीक गोळे जिनाभर उडायला लागले, माझ्या केसांत, पायपुसण्यात, खालच्या मजल्यावरच्या कोलमवर, म्हणजे दारापुढच्या रांगोळीवर.

खालच्या मजल्यावर एक ख्रिश्चन बाई राहतात, माझ्याच वयाच्या. त्यांच्या बाल्कनीत चांदणी लागली होती, घराला रंगाचा वास येत होता, नाताळची त्यांची तयारी कधीच झाली होती. त्या आवाज ऐकून बाहेर आल्या. मला वाटलं, आता रांगोळीवरून बोलणी बसणार. तर त्या थर्मोकोल पाहून हरखल्याच. त्यांच्या चर्चमध्ये बाळ येशूच्या जन्माचा देखावा करायचा होता आणि डोंगरांसाठी त्यांना हेच हवं होतं. तरुण मुलांना हाका मारून त्यांनी सगळं उचलून नेलं. आमच्या तीन फ्रिजांचे बेथलेहेमचे डोंगर झाले. जाता जाता त्यांनी विचारलं, "घर खाली करताय का?" मी दमले होते, माझं तमिळ दमल्यावर आणखी बिघडतं, मी नुसती हसले आणि आडवी मान हलवली. इथली माणसं हो म्हणतानाही तशीच मान हलवतात, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

संध्याकाळी हे आले. जिन्यातले पांढरे गोळे पाहतच वर आले असणार. चप्पल काढली, सरळ धाकट्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी त्याच तयारीत होते, सगळी उत्तरं जिभेवर होती. 

"मला विचारायचं तरी," एवढंच म्हणाले.

"आजवर काय करत होते मी?"

"ही खोकी मी माझ्या हौसेने ठेवली होती असं वाटतं तुला?" हे वळून म्हणाले. "इथे आलो तेव्हा रोज रडायचीस. मला कराडला न्या म्हणायचीस. मी म्हटलं होतं नेईन. मग खोकी टाकायला हात होईना. टाकली तर तुला वाटेल, ह्यांनी विचार सोडला."

 म्हणजे एवढी वर्षं त्या झुरळांची धनीण मीच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "अहो, मग शब्द पाळायचा होता," मी म्हटलं, "खोकी कशाला पाळलीत?"

 ह्यांनी दोन दिवस जेवायला वाढलं तेवढं गुपचूप खाल्लं. मीही हट्टाने बोलले नाही. खोली धुतली, पलंग आणला, पडदे लावले. रागात माणसाचं काम चांगलं होतं.

त्याच आठवड्यात ताईचा फोन आला. माझी थोरली बहीण कराडला एकटीच असते. भाऊजी गेले, मुलगा परदेशात. आमचा प्लॉट तिच्या घराला लागूनच आहे, त्यातलं गवत तीच काढून घेते. दोघी म्हातारपणी शेजारी राहू, मधल्या भिंतीला फाटक ठेवू, संध्याकाळी कृष्णेवर जाऊन बसू, हे आमचं किती वर्षांचं बोलणं. मी तिला खोक्यांची कथा सांगितली, हसवायला म्हणून. ती हसली नाही. म्हणाली, "म्हणजे निघालात म्हणायचं. बरं झालं गं बाई. मी वाटच बघत होते." मी तिला म्हटलं, तसं नव्हे, लेक येतेय म्हणून आवरतेय. पण ती पुढे गवंड्याचंच बोलत राहिली.

लेक आणि जावई आले. मी तिला हाताला धरून खोली दाखवायला नेली. नवी चादर, उन्हाची खिडकी, बाळासाठी कोपऱ्यात मोकळी जागा. ती दारात थांबली, इकडेतिकडे पाहिलं. "छान केलंस गं," म्हणाली. बस, एवढंच. मग हॉलमध्ये जाऊन बापाला विचारलं, "बाबा, खोकी कुठे गेली?" हे म्हणाले, "गेली." त्यानंतर पोरगी गप्पच. मी पुरणपोळ्या केल्या, गप्प. तिच्या आवडीची वत्तकुळंबू, ती चिंचेची आमटी, केली, खाल्ली, गप्प. बाळंतपणाचं एक अक्षर काढेना. मी काढावं तर म्हणे, "बघू ना आई." मला दोन्ही हातांनी तिला धरून गदगदा हलवावंसं वाटत होतं. एवढी उस्तवार केली, नवऱ्याशी भांडले, आणि हिचं बघू काही संपत नाही.

नाताळच्या दिवशी दुपारी खालच्या बाईंनी केक पाठवला. आम्ही चौघं हॉलमध्ये तो खात बसलो होतो तेव्हा बेल वाजली. मुलीने दार उघडलं. बाहेर एक तरुण जोडपं, तमिळ, नुकतंच लग्न झालेलं दिसत होतं. अतिशय नम्रपणे म्हणाले, सुट्टीचा दिवस आहे, त्रास देतोय, पण घरमालकांनी सांगितलं की तुम्ही पोंगलच्या सुमाराला घर सोडताय, तर जरा बघून घेऊ का?

खालच्या बाईंनी भल्या मनाने मालकांच्या कानावर घातलं होतं. सामान बाहेर जाताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि वर मी मान हलवली होती.

मुलगी दारातच वळली. "तुम्ही चाललात?"

"छे गं, कोण म्हणतं," मी सुरू केलं.

"मला वाटलंच होतं. खोकी दिसली नाहीत तेव्हाच वाटलं. म्हटलं सामान पुढे गेलं असणार, मला सांगायचं राहिलं असेल." चिडली की ती अर्धं तमिळमध्ये बोलते, मी इथे सगळं मराठीत लिहिते आहे. "म्हणून मी बघू म्हणत होते आई. खोलीसाठी नाही. मी काय हॉलमध्ये झोपले नसते? पण मी इथल्या डॉक्टरकडे नाव घालायचं आणि तुम्ही ऐनवेळी म्हणणार, चल कराडला. शाळेत होते तेव्हापासून ऐकतेय, पुढच्या वर्षी कराड, पुढच्या वर्षी कराड. दरवर्षी मैत्रिणींना सांगायचे, हे माझं शेवटचं वर्ष. मला तिथे कोण ओळखतं? कराड तुझं माहेर आहे. माझं हे आहे. तुम्ही इथे नसलात तर मी कुठे येऊ? मग मी पुण्यालाच बरी."

तिचे डोळे भरले होते. जावयांना तमिळ येत नाही, आमच्या घरातलं काही कळायला त्यांना अजून अवकाश आहे. त्यांनी त्या जोडप्याला आत बोलावून खुर्च्या दिल्या आणि केकच्या बशा पुढे केल्या. ती मुलगी केकचा तुकडा हातात धरून माझ्याकडे बघत होती. तिने हळूच विचारलं, आंटी, कधी सोडणार?

मी ह्यांच्याकडे पाहिलं. असल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं काम ह्यांचं. सगळी वर्षं हेच देत आले, पुढच्या वर्षी म्हणून. हे केकच्या बशीकडे बघत राहिले, मग त्या मुलीला तमिळमध्ये म्हणाले, "हिला विचारा. हिला जायचंय की राहायचंय, ते ही सांगेल."

बघा म्हणजे. आयुष्यात साधी इस्त्री घ्यायची तर मला विचारलं नाही, आणि नेमकं हे माझ्या गळ्यात. तेही परक्या माणसांसमोर, लेकीसमोर, तोंडात केक असताना. मला ह्यांचा भयंकर राग आला. रागाबरोबर कराडही आलं. तिथे भाजीवालीशी घासाघीस करताना मनात भाषांतर करावं लागत नाही. तिथे मला रस्त्यात हाक मारून, अगं तू कधी आलीस, म्हणणारी माणसं आहेत. तिथे ताई आहे. मला जायचं होतं. मला खरंच जायचं होतं, अगदी त्या क्षणीसुद्धा. आणि समोर ही पोरगी पोटावर हात ठेवून उभी होती.

"नांग पोगलै," मी त्या मुलीला म्हटलं. आम्ही जात नाही. माझं तमिळ आजवर कुणी वाखाणलेलं नाही, पण एवढं वाक्य बिनचूक आलं. वर म्हटलं, "इंगये इरुप्पोम." इथेच राहणार आहोत. आजवर हे मी मराठीत कधी म्हटलं नव्हतं, मनातल्या मनातसुद्धा.

ती दोघं केक संपवून, पुन्हा पुन्हा माफी मागून गेली. मुलगी येऊन गळ्यात पडली. मग लगेच आत गेली आणि सासूबाईंना फोन लावला. बाळंतपणाला मी चेन्नईला जाणार, हे तिने त्यांना किती सहज सांगितलं ते मी हॉलमधून ऐकलं. इतके दिवस मी त्याच एका वाक्यासाठी जीव टाकत होते.

हे जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "नक्की ना?"

"आता विचारता?" मी म्हटलं.

मग मी बशा घेऊन स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि रडून घेतलं. खूप दिवसांनी इतकी रडले. बाहेर आले तेव्हा जावई आणि हे मिळून, स्वयंपाकघरात फळ्या कुठे ठोकता येतील त्याचं माप घेत होते. मी म्हटलं, आधी घरमालकांना फोन करून सांगा, नाहीतर उद्या आणखी कुणीतरी घर बघायला येईल.

मुलगी पुढच्या महिन्यात येते आहे. डॉक्टरकडे नाव घातलं, डिंक आणून ठेवला, खोली रोज झाडते. ताईचा फोन दर रविवारी येतो. ती विचारते, झालं का सगळं, कधी निघताय, गवंडी हाताशी आहे. मी तिला म्हणते, अगं, अजून आवराआवर चालू आहे.